नामपूरचा प्रयोग

१३ जानेवारी १९८५

आज सातपूरच्या शेडमध्ये मोसम वायरलेसच्या भागधारकांची सभा झाली. नाशिकरोडच्या आम्हा लहान भागधारकांतर्फे खटल्यावर लक्ष ठेवायला माझी निवड झाली. पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक आहे, कागद जागच्या जागी लावतो, म्हणून असेल. नोटांच्या प्रेसमधले बुधाजी पगारे म्हणाले, "कारभारीभाऊ, तुम्ही फक्त बघायचं आणि आम्हाला सांगायचं. घाबरायचं काम आम्ही करू."

सभेसाठीचं टिपण मी वेगळं ठेवीन. इथे मनातलं लिहायचं.

खटला असा आहे. गोरक्ष खैरनार मूळ नामपूरचा. फौजेत सिग्नलमध्ये होता, शेवटची वर्षं देवळाली कॅम्पला. निवृत्त झाल्यावर त्याने विहिरीवरचा पंप घरातून चालू करायचं बिनतारी यंत्र केलं आणि त्यासाठी मोसम वायरलेस ही कंपनी काढली. घरात बटण दाबायचं की मळ्यातली मोटर सुरू. खरी गंमत पुढेच आहे. पाणी वर आलं की पंपाकडून उलट संदेश येतो आणि घरातल्या यंत्रावर हिरवा दिवा लागतो. पेटंट आहे ते या उलट संदेशाचं. शेतीची वीज येते अवेळी, आणि अंधारात बांधावरून जाणं म्हणजे साप पायाखाली. गोरक्षचा धाकटा भाऊ तसाच गेला.

मुंबईच्या एका मोठ्या कंपनीने हे यंत्र बनवायचा परवाना आमच्याकडून घेतला. विकलेल्या नगामागे आम्हाला रॉयल्टी मिळायची. दोन वर्षं मिळाली. आता ते म्हणतात, तुमचं पेटंटच मुळात टिकणारं नाही, तेव्हा आम्ही काही देणं लागत नाही. यंत्रं मात्र विकतायत. म्हणून आम्ही मुंबई हायकोर्टात दावा लावला आहे.

माझी मुलगी विशाखा, तिच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे मी मोसम वायरलेसमध्ये घातले आहेत. बायकोला, साळूला, ते पसंत नव्हतं असं म्हणता येणार नाही. ती तेव्हा काही बोललीच नव्हती.

२७ जानेवारी

नाशकात रविवार कारंजा चौकापाशी आमचे वकील गायधनी यांच्या कचेरीत गेलो. मुंबईच्या कंपनीचं उत्तर इंग्रजीत आलंय, जाडजूड. विशाखाचं बी.ए. इंग्रजीत चालू आहे म्हणून तिला बरोबर नेलं.

गायधनींनी समजावून सांगितलं. "पेटंट मिळायला वस्तू नवी लागते. अर्ज करण्याआधीच ती चारचौघांत दाखवली असेल, तर कायद्याच्या दृष्टीने ती नवी राहिली नाही. तुमचा अर्ज ऐंशी सालचा. आणि हे बघा."

त्यांनी टेबलावर आमचंच पत्रक ठेवलं. शेअर घ्या म्हणून गोरक्षने छापलेलं. ते मला पाठ आहे: 'डिसेंबर १९७९ मध्ये नामपूर येथे शेकडो शेतकऱ्यांसमोर यशस्वी प्रयोग!' मी तर त्या ओळीवरच भुललो होतो. आता मुंबईवाले तीच ओळ कोर्टाला दाखवतायत.

गोरक्ष सगळा वेळ पंख्याकडे बघत बसला होता. संशोधक माणूस, डोक्यात काहीतरी यंत्र चालू असणार. मला त्याचं कौतुक वाटलं.

विशाखा म्हणाली, "अण्णा, तुम्ही व्हा पुढे. मी हे सगळं वाचून येते." वकिलांचा ज्युनियर शिरीष नावाचा मुलगा आहे, गोरा, चष्मेवाला. त्याने तिला लगेच खुर्ची दिली. जरा जास्तच लगेच.

१० मार्च

मनमाडचे पाहुणे येऊन गेले. मुलगा रेल्वेत आहे, सालस वाटला. विशाखाने पोहे दिले, नीट बोलली. मात्र नोकरीच्या करारात बदलीचं कलम कसं असतं, हेच तिने त्याला चार वेळा विचारलं. बिचारा घामाघूम झाला. मी पाहुण्यांना म्हटलं, खटल्याचं काय होतं ते पाहू आणि मग ठरवू. साळू आत जाऊन हसत होती. कशाला ते सांगितलं नाही.

विशाखा आठवड्यातून दोनदा गायधनींकडे जाते. म्हणते, मोठमोठ्या निकालांची पुस्तकं आहेत तिथे. शिरीषही आहे, हे ती म्हणत नाही. मी लक्ष ठेवून आहे.

१४ एप्रिल

बाबासाहेबांची जयंती. कॉलनीत सकाळी वंदना, दुपारी सगळ्यांचं जेवण. गोरक्षलाही बोलावलं होतं. पंगतीआधी मांडवातच बुधाजींनी बातमी आणली. मुंबईवाले पेटंट कायमचं विकत घ्यायला तयार आहेत. खटला मागे घ्यायचा, भागधारकांना मुद्दल परत, वर थोडं काही. मग यंत्र त्यांचं, किंमत त्यांची, नावही त्यांचं.

मला खरं तर हायसं वाटलं. मुद्दल परत म्हणजे लग्न परत.

बुधाजींनी गोरक्षला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

"विका," तो म्हणाला. अगदी पटकन. ज्याने सहा वर्षं त्या यंत्रासाठी घातली, त्याने एका शब्दात सोडावं! मला तो थकलेला दिसला.

तेवढ्यात विशाखाने विचारलं, "काका, नामपूरला त्या दिवशी हिरवा दिवा लागला होता का?"

गोरक्षने तिच्याकडे पाहिलं, हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं आणि न जेवता निघून गेला. मी विशाखाला चांगलं रागावलो. सणाच्या दिवशी पाहुणा उपाशी गेला.

२१ एप्रिल

सकाळी गोरक्ष घरी आला. दाढी वाढलेली. साळूने चहा ठेवला, त्याने हात लावला नाही.

"गांगुर्डे साहेब, नामपूरला दिवा लागला नव्हता. दिवा नव्हताच त्या यंत्राला."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"माझ्या काकूच्या विहिरीवर यंत्र लावलं होतं. सगळं गाव गोळा झालेलं, सरपंच हार घेऊन उभे. मी बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही. तेवढ्यात गर्दीतल्या कुणीतरी फटफटीला किक मारली आणि मोटर धाडकन सुरू झाली! फटफटीच्या ठिणगीला माझं यंत्र हुकूम समजलं. लोक हसून हसून लोळले. मी बंदचं बटण दाबतोय, तर मोटर बंद होईना. हार तसाच राहिला. पुढे महिनाभर पोरं विहिरीवर येऊन सायकलची घंटी वाजवायची आणि विचारायची, चालू झाली का?"

"आणि पत्रक?"

"पत्रक छापलं तेव्हा यंत्र शंभर टक्के चालत होतं, साहेब. नामपूरला आपटलो म्हणूनच तर कळलं, की नुसता हुकूम पाठवून भागत नाही. दोन वेगळे सूर एकत्र आले तरच मोटरने ऐकायचं, आणि ऐकलं की उलट सांगायचं. ते मी इथे देवळालीत केलं, घराच्या गच्चीवर. बघायला एकटी बायको. गच्चीवरच्या प्रयोगावर कोण पैसे देणार होतं? म्हणून नामपूर लिहिलं."

"म्हणून विका म्हणालात."

"विकलं की नामपूरचं नाव कुणी काढणार नाही."

विशाखा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, "काका, म्हणजे गावासमोर जे दाखवलं, ते पेटंटमधलं यंत्र नव्हतंच. मग पेटंटमधलं नवंच राहिलं."

मी तिला म्हटलं, मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये. मग मी गोरक्षला नीट उलगडून सांगितलं, की गावासमोर दाखवलेलं यंत्र वेगळं होतं, म्हणून पेटंटला बाधा येत नाही. मात्र हे कोर्टात शपथेवर सांगावं लागेल, आणि त्याआधी भागधारकांना. त्याने मान हलवली. मुद्दा सुचला याचं मला समाधान वाटलं.

तो गेल्यावर मात्र राग आला. इतका, की दुपारचं जेवण गेलं नाही.

२३ एप्रिल

ऑफिसात कालव्याची फाइल धरणाच्या फायलीत लावली. साहेबांनी विचारलं, घरी सगळं ठीक ना? हो म्हटलं.

त्याने मला फसवलं. यंत्र चांगलं असेल, पण मला फसवलं. आणि आता त्याचं खोटं सिद्ध झालं तरच माझे पैसे वाचणार. अशा कोड्यात कुणी सापडू नये.

साळूला म्हटलं, तू तेव्हा अडवलं असतंस तर. ती म्हणाली, "आडवून तुम्ही थांबला असता का? आन् त्यानं खोटं सांगितलं ते त्याला खात होतं. खोटं ज्यांना खात न्हाई अशी माणसं लय हायेत."

५ मे

गायधनींनी साक्षीदार पाहायला सांगितलं म्हणून एस.टी.ने सटाण्यावरून नामपूरला जाऊन आलो. मी, गोरक्ष आणि विशाखा. बाजारात कांद्याच्या गाड्यांची रांग लागलेली, रस्ताभर उडालेली सालं. गोरक्ष खिडकीशी अंग चोरून बसला होता. या गावात तो दिवसाउजेडी फारसा येत नाही, हे तिथे समजलं.

त्याची काकू चतुराबाई ओट्यावर कांदे निवडत होती. विशाखाने विचारलं, "आजी, त्या दिवशी काय झालं होतं?"

"काय सांगू माय! यानी बटन दाबं, ते काहीच नही. तिकडे फटफटी सुरू व्हयनी आनि मन्ही मोटर चालू! सारा गाव हासना." आणि तीही हसायला लागली, पदर तोंडाला लावून. गोरक्ष भिंतीकडे बघत होता. मग हसता हसता तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, आता लाजू नकोस म्हणून. "पन आते मन्हा घरमा दिवा लागस ना, भाऊ. लाजस कसाले?"

आत भिंतीवर यंत्र होतं. तिने आम्हाला बटण दाबून दाखवलं. थोड्या वेळाने हिरवा दिवा लागला. मी भागधारक असून हा दिवा लागताना पहिल्यांदाच पाहिला. पत्रकावर विश्वास ठेवला होता, यंत्र पाहायला कधी गेलोच नव्हतो.

सरपंच आणि दोघे शेतकरी प्रतिज्ञापत्र द्यायला तयार झाले. हसण्याचा भागही लिहा, असा त्यांचा आग्रह होता.

१९ मे

सभा. शेड भरून माणसं. गोरक्ष उभा राहिला. त्याने कागद आणला होता, पण वाचला नाही. फौजेत अहवाल देतात तसं ताठ उभं राहून सगळं सांगितलं, फटफटीपासून गच्चीपर्यंत. शेवटी म्हणाला, "पत्रकातली ती ओळ खोटी होती. ती मी लिहिली."

मग जो गोंधळ झाला तो लिहिण्यात अर्थ नाही. घोटीचे भातव्यापारी काळू आव्हाड टेबलावर हात आपटून म्हणाले, "आज ही ओळ खोटी, उद्या आणखी काय निघेल? घ्या मुद्दल आणि सुटा!" बरेच जण हो हो म्हणाले.

भगूरच्या कुसाबाई मागच्या बाकावर होत्या. सभेत कधी बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "मला एवढं सांगा, माझ्या घरी दोन वर्सं दिवा लागतोय, तो खोटा हाय का? मालक आता अंधारात मळ्यात जात नाय. मी बिनघोर असते. यंत्र त्या मुंबईवाल्यांचं झालं आन् त्यांनी किंमत दुप्पट केली, तर माझ्या भावानं कुठून घ्यायचं?"

मी भाषण तयार करून आणलं होतं, कायद्याचे मुद्दे घालून. उभा राहिलो आणि निराळंच बोललो. म्हणालो, "मी फसलो. मला राग आहे आणि तो लवकर जाणार नाही. पण हा माणूस आज गप्प राहिला असता, तर आपण सगळे मुद्दल घेऊन खुशीत घरी गेलो असतो, त्याची अब्रूही शाबूत राहिली असती. त्याने ते केलं नाही. माझे शेअर मी काढणार नाही."

हात वर झाले. लढायचं ठरलं, थोड्या फरकाने. आव्हाडांची एक अट मात्र मान्य झाली. यापुढे कंपनीचा कारभार आणि सह्या बुधाजींकडे, गोरक्षकडे फक्त यंत्रांचं काम. गोरक्षने तिथल्या तिथे किल्ल्या काढून बुधाजींच्या हातात दिल्या. त्याचा चेहरा पडेल असं वाटलं होतं. उलट अंगावरचं ओझं उतरल्यासारखा दिसला.

विशाखा दारात उभी राहून सगळं ऐकत होती. शिरीष आला नव्हता, तरी ती खूश होती. मला नवल वाटलं.

२० ऑगस्ट

पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला गेलो आणि त्याच गाडीने परत आलो. हायकोर्टाची इमारत पाहून छाती दडपते. आमच्यातर्फे गायधनींनी ठरवलेले मुंबईचे मोठे वकील उभे होते. सगळं इंग्रजीत, भरभर. विशाखा माझ्या कानात सांगत होती.

मुंबईवाल्यांचे वकील आवाज चढवून म्हणाले, हा माणूस तेव्हा गुंतवणूकदारांशी खोटं बोलला, आज कोर्टाशी बोलत नसेल कशावरून? गोरक्षने मान खाली घातली नाही. मी त्याच्या शेजारी होतो. माझा हात त्याच्या गुडघ्यावर कधी गेला ते कळलं नाही.

मग एक प्रकार झाला, तो लिहून ठेवतो. विशाखाने पर्समधून कागद काढून चिठ्ठी लिहिली आणि पुढच्या बाकावर शिरीषला दिली. कोर्टात, माझ्या डोळ्यांदेखत! त्याने ती वाचली. मी बघतोय हे ध्यानात आलं असावं, म्हणून त्याने ती घाईने गायधनींकडे सरकवली, आणि गायधनींनी न बोलता मोठ्या वकिलांकडे. असल्या गोष्टी मोठ्यांपर्यंत पोचल्या की काय लाज! मी घामाने भिजलो.

सुदैवाने मोठ्या वकिलांनी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. त्यांनी कागदावर नजर टाकली आणि उभे राहून एक फार सुंदर मुद्दा मांडला. मुंबईच्या कंपनीच्या स्वतःच्या त्र्याऐंशी सालच्या जाहिरातीत काय छापलंय? 'भारतात प्रथमच, पाणी आल्याचं सांगणारा पंप.' ऐंशीच्या आधी नामपूरला हे सगळ्यांनी पाहिलेलं असेल, तर त्र्याऐंशी साली ते प्रथमच कसं?

न्यायाधीशांनी चष्मा काढून समोरच्या वकिलांकडे पाहिलं. कोर्टात खसखस पिकली.

हुकूम झाला: पूर्ण निकाल लागेपर्यंत कंपनीने रॉयल्टी कोर्टात भरत राहायची आणि विक्रीचा हिशेब द्यायचा. गायधनी म्हणाले, हा शेवटचा निकाल नाही, पण वारं कुठल्या दिशेला आहे ते समजलं.

परतीच्या गाडीत गायधनी विशाखाशीच बोलत होते, इगतपुरी येईपर्यंत. तिला समज देत असावेत. पण दोघेही हसत होते. मी गोरक्षशेजारी बसून वडा खाल्ला.

१६ फेब्रुवारी १९८६

मुंबईवाले तडजोडीला आले. पेटंट खरं असल्याचं त्यांनी लेखी मान्य केलं, राहिलेली रॉयल्टी दिली, परवाना नव्याने केला. नव्या परवान्यात एक कलम आहे: जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांसाठी आम्ही स्वतःही यंत्र बनवून आमच्या किमतीत विकू शकतो. हे कलम कुणाला सुचलं म्हणून गायधनींना विचारलं. ते म्हणाले, "घरी जाऊन विचारा." साळूला विचारलं, तिला काहीच माहीत नव्हतं. वकील लोक कधीकधी असं गूढ बोलतात.

आव्हाडांनी सभेत पेढे वाटले. गोरक्षला पेढा देताना म्हणाले, "पुढचं पत्रक मी लिहीन." तो हसला. वर्षभरात त्याला हसताना मी पाहिलं नव्हतं. सातपूरला दोन मुली नव्याने कामाला घेतल्यात, सुटे भाग जोडायला. तो त्यांना सांगतो, आधी यंत्र बिघडवून बघा, मग नीट करा.

माझा राग गेलाय का, हे तपासून पाहिलं. थोडा आहे. चालेल.

८ जून

मनमाडच्या मंडळींचा निरोप आला, आता खटला संपला, तर पुढचं बोलू. त्याच दिवशी गायधनींच्या कचेरीतून लग्नपत्रिका आली. शिरीषचं लग्न, मुलगी निफाडची. मला विशाखाचं फार वाईट वाटलं. शब्द जुळवत तिच्याजवळ गेलो आणि म्हटलं, "बाळ, आयुष्यात असं होतं."

"काय होतं?"

"शिरीष."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग एवढी हसली, की साळू लाटणं घेऊनच बाहेर आली. "अण्णा, त्याचं लग्न दोन वर्षांपूर्वीच ठरलंय! मीच त्याच्या होणाऱ्या बायकोसाठी साडी निवडली."

"मग तू सारखी तिथे कशाला जात होतीस?"

"केस वाचायला."

साळू म्हणाली, "अहो, साऱ्या कॉलनीला ठाऊक हाय. तुम्ही तेवढे वायरलेसवर होता." आणि तिने सरळ विशाखाला सांगितलं, "विचार आता. किती दिवस थांबशील?"

विशाखाने विचारलं. लॉ कॉलेजला प्रवेश घ्यायचाय. तीन वर्षं. लग्न त्यानंतर, तेही तिला वाटलं तर.

मी म्हटलं, विचार करून सांगतो. अंगणात दोन फेऱ्या मारल्या. कोर्टातला तो चिठ्ठीचा कागद आठवला, तो कुणाकुणाच्या हातातून गेला ते आठवलं, आणि मी मध्येच उभा राहिलो. मग आत येऊन मनमाडला नकार लिहायला बसलो. सभ्य भाषेत लिहिला, मुलगा खरंच सालस होता.

१४ जुलै

आज विशाखाच्या कॉलेजचा पहिला दिवस. रजा टाकून बसने तिला फाटकापर्यंत सोडलं. ती म्हणाली, "अण्णा, आता जा." मी समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि मग गेलो.

संध्याकाळी ती येईपर्यंत दारातच होतो. विचारलं, काय शिकवलं? म्हणाली, करार म्हणजे काय. एकाने देऊ म्हणायचं, दुसऱ्याने घेतलं म्हणायचं, मग तो पक्का होतो. मी म्हटलं, आणि देऊ म्हणणाऱ्याने पत्रकात खोटं लिहिलं असेल तर? ती म्हणाली, फसवला गेलेला माणूस करार मोडू शकतो. किंवा सगळं कळूनसुद्धा तो पाळायचा, असं ठरवू शकतो. निवड त्याची.

"म्हणजे गेल्या वर्षी एकोणीस मेच्या सभेत मी जे बोललो, ते कायद्याला धरून होतं?"

"अगदी."

मला ते ठाऊकच नव्हतं. मी तिला आणखी दोन प्रश्न घातले, तिने मला तीन. साळूने दोनदा हाक मारली, भाकरी निवतायत म्हणून. तिसऱ्यांदा ती ताटं घेऊन बाहेरच आली, आमच्या मध्ये ठेवली आणि स्वतःही बसली. म्हणाली, "मलाबी सांगा. पहिल्यापासनं."

विशाखाने पहिल्यापासून सुरुवात केली.